नाकाचं काम

"रिपोर्ट कॅन्सरचा आला," डॉक्टरबाई म्हणाल्या. "स्वरयंत्राचा. बसा ना, उभे का?"

मी बसलेलोच होतो. उभी होती ती माझी बायको कौशल्या, आणि ती त्यानंतरही बसली नाही.

हे लिहितोय ते अशा लोकांसाठी, ज्यांना उद्या कुणीतरी हेच वाक्य ऐकवणार आहे. धीर देण्यासाठी लिहीत नाही. धीर ज्याचा त्याला आणावा लागतो. मला जे आधी कुणी सांगितलं नव्हतं, ते सांगावं एवढाच हेतू.

मी पैठण रोडला चितेगावच्या एका कारखान्यात कॉम्प्रेसरचा फिटर होतो. त्या वर्षांत त्या रस्त्याला कारखान्यामागून कारखाना उभा राहत होता आणि आमच्यासारखी मेंढरांमागं वाढलेली पोरं पत्र्याच्या शेडमध्ये पान्हे घेऊन उभी राहत होती. बाहेरची हवा ओढायची, गाळायची, दाबायची आणि नळीतून यंत्रांना द्यायची, हे कॉम्प्रेसरचं काम. त्याचा आवाज एवढा की बोलायचं म्हणजे ओरडायचं. त्यामुळे पोळ्यापासून माझा आवाज बसलाय हे तिथं कुणाच्या लक्षातच आलं नाही. कौशल्याच्या आलं. "तुमचा गळा फुटक्या पिपाणीवानी वाजायलाय," ती म्हणाली. हळद-दूध झालं, ज्येष्ठमध झालं, मिठाच्या गुळण्या झाल्या. दिवाळीनंतर थुंकीत रक्त दिसलं तेव्हा सरकारी दवाखान्यात गेलो.

तिथं 'इनडायरेक्ट लॅरिंगोस्कोपी' झाली. नाव मोठं, काम लहान. जीभ फडक्यानं धरून बाहेर ओढतात आणि पडजिभेमागं इवलासा आरसा धरून खाली बघतात. मग भूल देऊन 'बायोप्सी', म्हणजे गाठीचा तुकडा काढून तपासायला पाठवणं. तो आठवडा मी नेहमीसारखा कामावर गेलो. घरी बसून काय करणार?

डॉक्टरबाईंनी केसपेपरच्या मागं चित्र काढून दाखवलं. घशात एक चौक आहे. नाकातोंडातून आलेली हवा पुढच्या नळीत जाते, अन्न मागच्या नळीत. दोघांच्या मधे एक झडप. गिळताना ती हवेच्या नळीवर पडते. त्या झडपेखाली स्वरयंत्र, आणि माझी गाठ तिथं.

मी चित्र बघितलं आणि तोंडातून निघून गेलं, "बाई, हे डिझाइन कुणी पास केलं? हवा आणि माल एका लायनीत घातला असता तर आमच्या साहेबानं नोकरीवरून काढला असता."

त्या हसल्या. "खरंय. म्हणून तर माणसाला ठसका लागतो आणि म्हाताऱ्यांच्या छातीत अन्न जाऊन न्यूमोनिया होतो. तुमचं डिझाइन आता आपण बदलणार आहोत."

बदल असा. 'टोटल लॅरिंजेक्टॉमी', म्हणजे स्वरयंत्र मुळासकट काढून टाकणं. श्वासनळीचं वरचं तोंड वळवून गळ्याच्या खोबणीत, कातडीला शिवायचं. तिथं कायमचं भोक राहतं, त्याला 'स्टोमा' म्हणतात. श्वास तिथून. तोंड फक्त जेवायला. नाक चेहऱ्याला शोभा म्हणून. आवाज जाणार. नुसत्या शेकानं, म्हणजे रेडिएशननं, भागलं असतं तर आवाज राहिला असता, पण माझी गाठ मोठी होती आणि झोपलो की श्वासाची शिट्टी वाजायची.

मला जगायचं होतं. बाकी कशाबद्दल माझं मत नक्की नव्हतं, याबद्दल होतं. मी सही केली.

माझी माय फुलंब्रीच्या पुढं, गावाकडं, धाकट्या भावाजवळ असते. आमची मेंढरं आता त्याच्याकडं आहेत. तिला सांगायला गेलो तेव्हा आवाज जाणार हे तिला पटेना. "पोपटाची बी जीभ कुणी कापत नाय," म्हणाली. मग देवळीतल्या खंडोबाच्या चांदीच्या टाकापुढं जाऊन उभी राहिली. "मल्हारी, लेकरू जितं घरी येऊ दे. तुझ्या दारात पोतंभर भंडारा उधळीन." भंडारा म्हणजे हळदीची पूड. आम्ही धनगर लोक खंडोबाच्या दारात ती मुठीमुठीनं हवेत फेकतो, माणसं आणि पायऱ्या पिवळ्या होईपर्यंत.

ऑपरेशन झालं. त्याचं वर्णन मी काय करणार, मी झोपेत होतो. जाग आली तेव्हा मी हाक मारायला गेलो आणि काहीच झालं नाही. ओठ हलले, जीभ हलली, बाहेर फक्त गळ्यापाशी फुस्स. हे होणार हे मला माहीत होतं. तरी मी दोनदा करून बघितलं. तिसऱ्यांदा रडू आलं, तर रडण्याचाही आवाज नाही. हे कुणी आधी सांगत नाही, म्हणून सांगतो. रडायचं असेल तर आधीच रडून घ्या.

नाकातून नळी पोटात घातलेली, तिच्यातून पेज. गळ्यातल्या भोकात मशीनची बारीक नळी घालून कफ ओढायचे, त्याला 'सक्शन' म्हणतात. नर्सनं कौशल्याला सगळं शिकवलं. मिठाच्या पाण्याचे थेंब भोकात कसे सोडायचे, वाळलेली खपली चिमट्यानं कशी काढायची. पहिल्या दिवशी तिच्या हातून चिमटा दोनदा पडला. नंतर ती हे भाजी निवडल्यासारखं करू लागली आणि मला दटावू लागली, "हलू नका, खपली हुकते."

शेजारच्या खाटेवर साळवे होता. त्याचा आजार माझाच, ऑपरेशनला मात्र त्यानं नकार दिलेला. विद्यापीठाच्या नामांतरासाठी तो तरुणपणापासून मोर्च्यांपुढं घोषणा देत आलेला, लाठ्या खाल्लेला, तुरुंगात जाऊन आलेला. डॉक्टरबाईंनी खूप समजावलं. तो म्हणाला, "नाव झाल्याचं ऐकलं, की वरडायला गळा पायजे बाई. मंग घ्या काय घ्यायचं ते." तो शेकावर होता.

नामांतराची बातमी आली तेव्हा शहरभर पोलीस होते आणि वॉर्डात कुणाच्या तरी उशाशी रेडिओ. साळवे खाटेवर उभा राहिला आणि त्यानं घोषणा दिली. फाटलेला, खरखरीत आवाज, पण जिन्यापर्यंत गेला. जय म्हणायला वॉर्डात गळा असलेली माणसं कमी होती. मी त्याचं जेवणाचं ताट घेतलं आणि चमच्यानं वाजवलं. दुसऱ्या दिवशी त्याच्या वस्तीतली माणसं पेढे आणि निळा गुलाल घेऊन आली. नर्सनं त्यांना दारातच अडवलं. "पेढे आत आणा. गुलाल बाहेर. इथं गळ्याची माणसं आहेत." मी हे कौतुकानं बघितलं आणि विसरून गेलो.

साळवे पुढच्या पावसाळ्यात गेला. आवाज त्याला शेवटपर्यंत होता. मी आवाज देऊन राहिलो, तो आवाज घेऊन गेला. कुणाचा निर्णय बरोबर, हा प्रश्न मी काही दिवस घोळवला आणि मग सोडून दिला.

घरी सोडताना डॉक्टरबाईंनी मला समोर बसवलं. "नाकाला शोभेची वस्तू समजू नका. नाक तीन कामं करतं. हवा गाळतं, गरम करतं आणि ओली करतं. आता तुमची हवा थेट फुफ्फुसात जाते. नाकाचं काम आता तुम्ही करायचं. गळ्यापुढं कायम ओलं फडकं. धूळ, धूर, पावडर यांच्यापासून लांब. अंघोळ गळ्याखालून. बोलणं नंतर शिकवू, आधी श्वास सांभाळा."

हे मला पटकन कळलं. इनटेकचा फिल्टर काढून कॉम्प्रेसर चालवला तर काय होतं हे मी आयुष्यभर बघितलेलं. कौशल्याच्या जुन्या मलमलच्या ओढणीचं चारपदरी फडकं केलं, वर बंद लावले. कारखान्यानं मला शेडमधून स्टोअरमध्ये घेतलं. ऑपरेशननंतरचे शेवटचे शेक चालू होते, गळा भाजल्यासारखा झाला होता, पण मी खूश होतो. नवं डिझाइन मला आवडू लागलं होतं. गोळा कितीही मोठा घ्या, ठसका नाही. अन्न चुकीच्या नळीत जायला चुकीची नळीच उरली नाही. कौशल्या म्हणाली, "आता तुमची कुणी आठवण काढली तर कळायचं कसं?" मी पाटीवर लिहिलं, पत्र पाठवायचं.

जे गेलं तेही सांगतो. वास गेला, कारण नाकातून हवाच जात नाही. भाजी करपली तरी मी शेजारी शांत. चहावर फुंकर मारता येत नाही. जड वस्तू उचलताना माणूस दम धरतो, तो धरता येत नाही, कारण झाकणच नाही. शौचाला कुंथतानाही तीच अडचण. डॉक्टर हे सांगायला लाजतात, मी सांगून टाकतो.

शेक संपले आणि मायचा निरोप आला. नवस फेडायचा.

गावात खंडोबाचं लहानसं देऊळ आहे. भावकी जमली. कौशल्या देवळामागं चुलीवर नैवेद्याला बसली होती. तळी भरायची ठरली. ताटात पानं, सुपारी, खोबरं आणि भंडारा घेऊन पाच जण ते ताट गजर करत वर उचलतात, ती तळी. मला मधे उभं केलं, कारण नवस माझ्या नावाचा. माझ्या गळ्यापुढं ओलं फडकं होतं. येताना रस्त्यावर धूळ उडाली तेव्हा मी ते दोनदा भिजवलं होतं. जीपवाल्याला बिडी विझवायला लावली होती. एवढा मी सावध होतो.

भंडारा म्हणजे धूळ, हे मात्र आमच्यापैकी कुणाच्याच मनात आलं नाही. येणं शक्यही नव्हतं. कापलं की हळद, खरचटलं की हळद, बाळंतिणीला हळद, मेंढराला लांडग्यानं धरलं तरी हळद. हळद औषध. त्यात ती देवाची.

मायनं मूठ भरली. माझ्या कपाळाला लावली. मग तिची नजर फडक्यावर गेली. "जखमंवर ओलं कामून ठिवलंय?" म्हणत तिनं ते बाजूला सारलं आणि भोकाभोवती अंगठ्यानं भंडारा दाबला, लहानपणी गुडघ्याला दाबायची तसा. त्याच क्षणी तळी उचलली गेली. "येळकोट येळकोट जय मल्हार!" सगळ्या मुठी एकदम सुटल्या.

मी श्वास घेतला.

पुढचं मला तुकड्यांनी आठवतं. छातीत विस्तव ओतल्यासारखं झालं. खोकला आला, तो गळ्यातून पिवळा उडाला. हवा बाहेर जात होती, आत येत नव्हती. मी हात हलवले, गुडघ्यावर आलो, घुमू लागलो. आणि कुणीतरी ओरडलं, "देव आला! सखारामाच्या अंगात मल्हारी आला!"

बघणाऱ्याला दुसरं काय वाटणार? आमच्यात अंगात येतं तेव्हा माणूस असाच थरथरतो, असाच घुमतो, डोळे असेच फिरवतो, आणि बोलत नाही. लोक पाया पडू लागले. हलगी जोरात झाली. आणि देव अंगात आला की जे करतात ते त्यांनी केलं. माझ्यावर आणखी भंडारा उधळला.

नाही म्हणायला मला आवाज नव्हता. मानेनं नाही म्हटलं तर घुमणं वाढलंसं दिसलं. एक म्हातारा माझ्यापुढं हात जोडून विचारत होता, "देवा, पाऊस कवा पडंल?" मरताना माणसाला काय दिसतं, असं मला पुढं खूप जणांनी विचारलं. मला तो दिसत होता.

हलगी वाढली म्हणून कौशल्या चुलीवरून उठून आली. तिनं माझे निळे पडलेले ओठ बघितले. "देव नाय वो, दम कोंडलाय त्यांचा! थांबवा ते!" ती ओरडली. कुणी ऐकेना तेव्हा तिनं भंडाऱ्याचं ताट हातानं उडवून पायऱ्यांखाली पाडलं. देवाचं ताट. मग हलगी थांबली. तिनं मला पायरीवर पालथं पाडलं, कमरेच्या पिशवीतली मिठाच्या पाण्याची बाटली काढली, थेंब सोडले, पाठीवर बुक्क्या मारल्या, पुन्हा थेंब सोडले. पिवळा चिकट गोळा बाहेर पडला आणि थोडी हवा आत आली.

गावात सिल्लोडचे रशीदभाई मका भरायला टेम्पो घेऊन आले होते. त्यांनी अर्धी पोती तिथंच उतरवली. "मकई पड़ी रहने दो भाभी, पहले इनको लेके चलते." सिल्लोडला जायचा टेम्पो उलटा शहराकडं पळवला. नेहमी काच खाली ठेवून टेम्पो चालवणारा माणूस, पण त्या दिवशी वाटेत धूळ दिसली की काच वर करायला सांगत होता. त्यांचे उपकार मी मानतो. त्यांना ते आठवतही नाहीत.

डॉक्टरबाईंनी मला बघितलं. मी डोक्यापासून पायापर्यंत पिवळा. मग 'ब्रॉन्कोस्कोपी' केली, म्हणजे दुर्बिणीची नळी भोकातून आत घालून फुफ्फुसाच्या फांद्या धुतल्या. बाटलीत जमलेलं पाणी पातळ वरणासारखं होतं. "भोकातून विडी ओढून आलेले पेशंट मी बघितलेत," त्या म्हणाल्या, "हळद ओढून आलेले तुम्ही पहिले." पुढं न्यूमोनिया झाला. ऑक्सिजन, इंजेक्शनं, छातीचे एक्स-रे. एक वेळ अशी आली की डॉक्टरबाईंनी कौशल्याला बाहेर बोलावून घेतलं. मी बरा झालो, हे तुम्ही वाचताय त्यावरून कळलंच असेल.

माय दवाखान्यात आली, पण वॉर्डात आली नाही. जिन्याखाली बसून राहिली. कौशल्यानं ओढून आणली तर दारातूनच परत फिरली. तेवढ्यात मी बघितलं. तिचं कपाळ मोकळं होतं. जन्मापासून मी ते कपाळ भंडाऱ्याशिवाय बघितलं नव्हतं. "माह्या हातानं झालं," तिनं कौशल्याला सांगितलं. "देवानं दिलं आन् म्या मारलं. मी नाय जवळ जायची."

घरी आल्यावरही तसंच. मी गावी गेलो की ती भाकरी थापायची, ताट भावजयीच्या हाती पाठवायची. पाटीवर लिहून उपयोग नव्हता, तिला वाचता येत नाही. हातवारे केले तर मान फिरवायची.

म्हणून मी बोलायला शिकलो. 'इसोफेजियल स्पीच' म्हणजे हवा गिळायची आणि ढेकरातून शब्द काढायचा. पहिले महिने ढेकरच येतात, शब्द येत नाहीत. कारखान्यात पोरं हसायची, मीही हसायचो, आवाज न करता. पक्कं वाक्य जमल्यावर गावी गेलो आणि मायच्या पाठीमागं उभा राहून म्हणालो, "तुझी चूक नाय." ती दचकून वळली. "हा कुणाचा आवाज?" म्हणाली आणि रडत आत निघून गेली. मला वाटलं होतं, आवाज आला की काम झालं. मला फार वाईट वाटलं.

तुमच्या घरात असा माणूस येणार असेल तर घरातली प्रत्येक पूड आठवून ठेवा. पीठ, तिखट, पावडर, गुलाल, उदबत्तीची राख. आणि ज्या पुडीला तुम्ही पूड समजतच नाही, ती आधी आठवा. शरीराचं डिझाइन डॉक्टर बदलतात, पण आजूबाजूच्या माणसांचे हात जुन्या डिझाइनचेच राहतात. त्यांचा काही दोष नसतो. नाकाला आपण वाईट म्हणू नये हेही मी शिकलो. ज्यानं ते बसवलं त्याला धूळ माहीत होती.

चंपाषष्ठी आली. भाऊ म्हणाला, दादाला यंदा आणायचं नाही. मी तरी गेलो, देवळापासून लांब, वाऱ्याच्या उलट्या बाजूला बसायचं ठरवून.

पोचलो तर माय ओट्यावर परात घेऊन बसलेली. परातीत भंडारा आणि ती त्यात तेल-पाणी घालून मळत होती, कणकीसारखा. गुरव वैतागून उभा. "मावशे, भंडारा उधळत्यात. लिंपत नसत्यात. रीत हाय."

माय मान वर न करता म्हणाली, "देवाला भंडारा पायजे का धुराळा?"

भावकीत कुजबुज झाली, पण तिच्या वयापुढं कुणाचं चाललं नाही. आमची तळी सगळ्यांच्या आधी भरली. गजर झाला. एकही मूठ सुटली नाही. माय परात घेऊन एकेकाच्या कपाळाला ओला भंडारा लावत फिरली. देवाला, गुरवाला, भावाला, कौशल्याला.

माझ्यापुढं येऊन थांबली. हात वर केला आणि तो तिथंच राहिला. मी वाकलो. तिनं कपाळाला बोट टेकवलं, चटकन मागं घेतलं. मग हात पदराला पुसला, पुन्हा पुसला, आणि हाताची पालथी बाजू माझ्या फडक्यापुढं धरली. मी श्वास सोडला. घेतला. सोडला.

"व्हय," ती कौशल्याला म्हणाली, "वारा लागतोय."

आणि हात तसाच धरून उभी राहिली.